युनिट रानात उतरतं तेव्हा

भारतात बनलेल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचं युनिट बाहेरगावी शूटिंगला गेलं आणि थेट फौजदाराच्या तावडीत सापडलं. दादासाहेब फाळके तेव्हा ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते. दादरच्या सेटवर बरंचसं काम उरकलं, पण काही दृश्यांना मोकळं रान हवं होतं. म्हणून मंडळी कर्जतच्या वाटेवरच्या वांगणीला रवाना झाली. फाळके स्वतः मागे मुंबईत होते. अंगावर राजेशाही कपडे, दागिने, हातांत लाकडी तलवारी नि ढाली असा तो जथा पाहून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले. वर्दी गेली आणि सगळे अडकले. सिनेमा ही चीजच ज्याला ठाऊक नाही, त्याला ‘आम्ही सिनेमा करतोय’ हे पटवणार कसं? शेवटी फाळके येऊन पोचले, त्यांनी कॅमेरा दाखवला, त्याच्यापुढे एक प्रसंग करून दाखवला, तेव्हा कुठे सुटका झाली, असं सांगतात.

हा किस्सा नेहमी गंमत म्हणून सांगितला जातो. मला मात्र त्यात लोकेशनवरच्या कामाचा पहिला धडा दिसतो. स्टुडिओच्या भिंतीआड सगळं आपलं असतं. लोकेशनवर जमीन दुसऱ्याची, रस्ता दुसऱ्याचा, झाडावरचे पक्षीही आपल्या हुकमातले नाहीत. तिथे युनिटमधल्या प्रत्येकाचं निम्मं कौशल्य कॅमेऱ्याशी निगडित असतं आणि उरलेलं निम्मं त्या जागेशी. हे दुसरं निम्मं कोणत्याही हस्तपुस्तिकेत सापडत नाही, आणि ते समजून घ्यायला आरमोरीसारखा मुलूख नाही.

आरमोरी हे गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी, वरच्या अंगाला देसाईगंज, म्हणजेच वडसा. दिग्दर्शकाच्या नजरेनं पाहिलं तर इथे काय नाही? वैनगंगेचं रुंद वाळूचं पात्र आहे, धानाच्या बांध्या आहेत, मालगुजारांच्या काळापासूनचे तलाव आहेत, ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसणारे कारागीर आहेत आणि वैरागडचा जुना किल्ला आहे. त्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद थेट ‘ऐन-ए-अकबरी’त सापडते. इतक्या वेगवेगळ्या पार्श्वभूमी थोडक्या अंतरात मिळणं हे चित्रपटवाल्यांचं स्वप्न असतं. मग अडचण कुठे आहे? मुंबईपासून इथवर जवळपास हजार किलोमीटरचा पल्ला आहे. कॅमेरा आणि लाइटचं बहुतेक मोठं सामान तिकडूनच ट्रकने येणार. नागपूर दीडशे किलोमीटरच्या आत असलं, तरी विशिष्ट लेन्सचा एखादा भाग तिथे मिळेलच असं नाही. म्हणजे जी वस्तू ट्रकमध्ये चढवली नाही, ती दोन दिवस नाही.

म्हणून लोकेशनवरच्या कामाची सुरुवात शूटिंगच्या कितीतरी आधी, रेकीपासून होते. दिग्दर्शक, छायाचित्रकार, कलादिग्दर्शक आणि प्रॉडक्शनची माणसं जागा पाहायला येतात. नवख्याला वाटतं, ही मंडळी देखावा बघायला आली. खरं तर प्रत्येकजण वेगळंच काहीतरी बघत असतो. छायाचित्रकाराच्या हातात होकायंत्र असतं, सूर्य कुठून कुठे जाणार ते त्याला हवं असतं. साउंडवाला डोळे मिटून उभा राहतो: राइस मिल किती दूर आहे, हायवेवरचे ट्रक ऐकू येतात का, शेतातल्या मोटारीला वीज कधी येते? प्रॉडक्शनवाला रस्त्याची रुंदी, ट्रक वळवायची जागा, पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि सगळ्यांत जवळचं रुग्णालय पाहतो. एकाच बांधावर उभ्या असलेल्या पाच माणसांना पाच वेगळी गावं दिसतात. त्या पाच गावांचा मेळ घालून जो कागद तयार होतो, तो कॉल शीट. उद्या कोण किती वाजता कुठे हवा, कोणते सीन, कोणते कपडे, कोणती प्रॉपर्टी, सूर्योदय किती वाजता, हे सगळं त्यावर असतं. चांगला कर्मचारी फक्त आपल्या नावापुढची वेळ पाहून थांबत नाही. तो अख्खी कॉल शीट वाचतो. सीनमध्ये पाऊस आहे हे लाइटमनने आदल्या रात्री वाचलं असेल, तर सकाळी प्लॅस्टिक शोधण्यात अर्धा तास जात नाही.

परवानग्यांचा मामला इथे मुंबईपेक्षा वेगळा आहे, आणि तो केवळ प्रॉडक्शनचा म्हणून सोडून देता येत नाही. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे २००९ साली देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांपैकी एक. असा हक्क असलेल्या गावात वनखात्याचा कागद खिशात असला तरी ग्रामसभेसमोर जाऊन बसणं हाच सरळ रस्ता. अभयारण्यात चित्रीकरण करायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. बैलजोडी कॅमेऱ्यासमोर आणायची असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे आधी अर्ज करावा लागतो. सहायक दिग्दर्शकाला हे माहीत नसलं की तो समोरून चाललेली बैलगाडी पाहून हौसेने म्हणतो, ‘दादा, जरा फ्रेममधून जा ना!’ आणि एका सुंदर शॉटची पुढे कायमची डोकेदुखी होते.

वांगणीचा धडा तर गडचिरोलीत जिवावरचा आहे. चार दशकांहून अधिक काळ नक्षली हिंसेची झळ सोसलेल्या या जिल्ह्यात, गणवेश घातलेली आणि खांद्यावर बंदुका लावलेली दहा माणसं तिन्हीसांजेला जंगलाच्या कडेनं चालताना दिसली, तर त्या बंदुका लाकडाच्या आहेत हे पाहणाऱ्याला कसं कळावं? त्यामुळे अशा कथेवर काम करताना ड्रेसमन आणि प्रॉपर्टीवाला यांच्यावर मोठी जबाबदारी असते. बंदुका मोजून द्यायच्या, शॉट संपताच मोजून परत घ्यायच्या, कुलपात ठेवायच्या. गणवेशातल्या कुणालाही चहाच्या टपरीवर जाऊ द्यायचं नाही. पोलिसांना जागा, तारीख, वेळ आणि माणसांची संख्या आधी कळवायची. अमित मसुरकर यांनी ‘न्यूटन’ हा २०१७ चा चित्रपट शेजारच्या छत्तीसगडमध्ये, दल्ली-राजहऱ्याच्या परिसरात चित्रित केला. दंडकारण्यातल्या निवडणुकीच्या एका दिवसाची ती गोष्ट, आणि तिच्यात पडद्यावर बराच वेळ गणवेशातले बंदूकधारी वावरतात. असा चित्रपट पाहताना नटांइतकाच मला त्या बंदुकांचा रोजचा हिशेब ठेवणाऱ्या, पडद्यावर कधीच न दिसणाऱ्या माणसाचा विचार येतो.

आता युनिट म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला पुन्हा फाळक्यांच्या घरी जायला हवं. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी काय काय केलं याची यादी थक्क करणारी आहे. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत. कपडे धूत. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडण्याचं काम अंधारात करावं लागे, ते त्यांनी शिकून घेतलं. रसायनं कालवली. आणि दिवसा, भर उन्हात, नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतवण्यासाठी पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहिल्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात तो चित्रपट लागला. आज त्यांच्या एका दिवसाच्या कामासाठी निदान पाच खाती लागतात: केटरिंग, ड्रेस, कॅमेरा असिस्टंट, लॅब आणि लाइट. त्या चादरीचं पुढे काय झालं पाहा. १९५६ च्या ‘अपराजितो’साठी छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटवर कापड ताणलं आणि त्यावरून परतवलेल्या उजेडात दृश्यं टिपली. आज आपल्याकडे कोणत्याही लोकेशनवर लाइटमनच्या हातात थर्माकोलचा पांढरा पत्रा असतो. चादर, कापड, थर्माकोल. साधन बदललं, पण ते धरणाऱ्याची परीक्षा तीच राहिली. शॉट चालू असताना वारा आला तरी पत्रा हलता कामा नये, कारण पत्रा हलला की नटाच्या गालावरचा उजेड थरथरतो.

लाइटच्या खात्याचं काम रानात आल्यावर किती बदलतं, हे एका दिव्यावरून कळेल. रात्रीच्या दृश्यासाठी झाडांमागून चांदणं दाखवायचं तर १८ किलोवॅटचा एचएमआय दिवा वापरतात. पाच अश्वशक्तीचे पाच कृषिपंप एकाच वेळी चालवायला जेवढी वीज लागेल, तेवढी हा एकटा दिवा खातो. गावच्या डीपीवर तो लावला तर गाव अंधारात जाईल. म्हणून जनरेटर व्हॅन आणावीच लागते, आणि तिचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून ती लांब, शक्यतो उंचवट्याआड लावतात. मग तिथून सेटपर्यंत जाड केबल ओढायची. पाऊलवाटेवर ती रबरी पट्टीखाली किंवा मातीत पुरून न्यायची, दवात भिजणारे जोड जमिनीपासून उचलून झाकायचे आणि हातात मोजे असल्याशिवाय तापलेल्या दिव्याला हात लावायचा नाही. केबल गुंडाळायचीही रीत असते: एक वळं सरळ, पुढचं उलट्या पिळाचं, पुन्हा सरळ. सगळी वळी एकाच दिशेनं घेतली तर आतल्या तारेला पीळ बसत जातो आणि पुढच्या वेळी केबल पसरताना गाठी पडतात. सरळ-उलट घेतली की एक पीळ दुसरा उलगडतो, आणि टोक धरून फेकलं तरी केबल सुतासारखी जाते. पॅकअपच्या वेळी रात्री दोन वाजता, डोळ्यांवर झापड असताना जो माणूस हे नीट करतो, त्याला पुढच्या चित्रपटाला हमखास बोलावणं येतं.

उजेडाच्या बाबतीत आरमोरीचा एक भौगोलिक विशेष सांगायलाच हवा. हा भाग कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि एकदा जुलैमध्ये, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. निसर्गाचा हा चमत्कार आहे, पण छायाचित्रकाराला तो नकोसा असतो. डोक्यावरून येणाऱ्या उजेडात नटाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाची सावली ओठांवर उतरते. शिवाय त्या दिवसांत ब्रह्मपुरी-चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर शहाणं युनिट पहाटे सुरू करतं, अकराच्या सुमारास सावलीत जातं आणि चारनंतर पुन्हा उभं राहतं. दुपारी कॅमेऱ्यावर छत्री धरलेली असते, मेमरी कार्डं सावलीत असतात, आणि स्पॉट दादा पाण्याबरोबर मीठ-साखर घेऊन फिरत असतो. चांगला स्पॉट दादा कोण तहानलेलं आहे हे विचारत बसत नाही. ट्रॉली ढकलणारा आणि बूम धरणारा, यांचे हात मोकळे नसतात, हे त्याला माहीत असतं. तो आधी त्यांच्याकडे जातो.

मग राहते ती सोनेरी वेळ. सूर्य बुडाल्यावर आकाशात उजेड उरतो आणि सावल्या मऊ होतात, त्या वेळेला सिनेमावाले मॅजिक अवर म्हणतात. नाव तासाचं असलं तरी आपल्या अक्षांशावर सूर्य उभ्या उतारानं मावळतो, त्यामुळे ती जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकते. छायाचित्रकार नेस्तोर आल्मेंद्रोस यांनी कॅनडात चित्रित केलेल्या ‘डेज ऑफ हेवन’ (१९७८) या चित्रपटाचा मोठा भाग याच उजेडात टिपला. दिवसभर तयारी करायची आणि संध्याकाळच्या त्या मिनिटांत धावपळ करून शॉट घ्यायचे. त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं.

पण आरमोरी-वडशाच्या जंगलात नेमकी हीच वेळ वाघाचीही असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात वनखात्याने सीटी-१ हा वाघ जेरबंद केला. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसं त्याच्या हल्ल्यांत गेली होती. त्याच्या आदल्या वर्षी छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि देसाईगंज, कुरखेडा, आरमोरी या भागांत धानाच्या बांध्या तुडवत फिरला. इथल्या माणसाला याचं गांभीर्य सांगावं लागत नाही; मोहफुलं आणि तेंदूपानं वेचायला पहाटे जाणाऱ्यांची घरं त्यात उजाड झाली आहेत. बाहेरून आलेल्या सहायक दिग्दर्शकाला मात्र ते सांगावं लागतं. संध्याकाळच्या शॉटसाठी एकट्या लाइटमनला झाडीत आत पाठवायचं नाही. लघवीलासुद्धा जोडीनं जायचं. वनरक्षक ‘आता निघा’ म्हणाला की आकाश कितीही सुंदर असलं तरी निघायचं. इथे दिग्दर्शकाच्या शब्दापेक्षा वनरक्षकाचा शब्द वरचा, हे मला तरी कुठल्याही वादापलीकडचं वाटतं.

नदीचंही असंच आहे. वैनगंगेचं वाळूचं पात्र हिवाळ्यात सेटसारखं स्वच्छ दिसतं. पण वरच्या अंगाला भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचं ३३ दरवाजांचं धरण आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तिथून मोठा विसर्ग झाला आणि ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरी तालुक्यांतली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. म्हणून पात्रात ट्रॅक टाकायच्या आधी, आभाळ निरभ्र असलं तरी, धरणातून पाणी सुटणार आहे का याची चौकशी करणं हे प्रॉडक्शनचं रोजचं काम असलं पाहिजे. दक्षिणेकडे भामरागडला तर पर्लकोटा नदी दर पावसाळ्यात पुलावरून वाहते आणि तालुका तुटतो. तिथून जवळच्या हेमलकशाची गोष्ट समृद्धी पोरे यांनी ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हिरो’ (२०१४) या चित्रपटात नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांना घेऊन सांगितली. त्या मुलखात कॅमेरा नेणाऱ्याला वेळापत्रक पावसाला विचारूनच करावं लागतं.

जागा स्वतः बदलत जाते, ही लोकेशनची आणखी एक खोड. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’च्या काशफुलांच्या दृश्याचा काही भाग एका रविवारी घेतला. पुढच्या आठवड्यात येऊन बघतात तर गुरांनी काशफुलं फस्त केली होती. उरलेल्या भागासाठी पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. आरमोरीत हा धोका सगळीकडे आहे. ऑक्टोबरात पिवळ्याधमक धानात नायिकेचं जाणं टिपलं आणि परतणं महिनाभरानं टिपायचं ठरवलं, तर बांधीत नुसतं कुटार उरलेलं असेल. साग थंडी सरताना पानं झाडतो, पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटतो, त्यानंतर मोहाखाली फुलांचा सडा पडतो. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या माणसाला इथे नटाच्या शर्टाच्या बटणांबरोबर झाडांचंही पंचांग सांभाळावं लागतं. त्यानं दर शॉटनंतर पार्श्वभूमीचा फोटो काढून ठेवायचा आणि कुणी सेटवर पालापाचोळा तुडवत चालला तर त्याला थांबवायचं, कारण वाळलेल्या पानांवरची पायवाट दुसऱ्या टेकमध्ये दिसते.

आता आवाज. आशुतोष गोवारीकर यांनी २००० साली कच्छमध्ये भुजजवळ ‘लगान’ चित्रित केला, तो सिंक साउंडवर, म्हणजे नटांचे संवाद जागेवरच ध्वनिमुद्रित करून. तेव्हा हिंदी चित्रपटांत संवाद नंतर डबिंगला घेण्याचीच पद्धत रुळलेली होती, त्यामुळे लोकेशनवर गप्पा मारणं, हाका मारणं चालून जाई. सिंक साउंड आला आणि युनिटच्या सवयी बदलाव्या लागल्या. ‘रोल साउंड’ म्हटलं की शंभर माणसं जिथल्या तिथे थिजतात. मोबाइल बंद, चपला काढलेल्या, पंखा बंद. शेवटी साउंडवाला आणखी एक विचित्र मागणी करतो: सगळ्यांनी मिनिटभर काहीही न करता उभं राहायचं. त्या मिनिटात तो जागेची स्वतःची शांतता टिपतो: पानांची सळसळ, दूरचा कोतवाल पक्षी, तलावावरचा वारा. संपादनात संवादांच्या फटी भरायला हीच शांतता लागते. ती नसेल तर दोन वाक्यांमध्ये आवाज एकदम मेल्यासारखा वाटतो.

क्लॅपर बोर्डाचं काम लहान पोराला द्यावं इतकं सोपं दिसतं. जवळून पाहिलं तर त्यात केवढी बारकाई! पाटीवर सीन, शॉट आणि टेकचा क्रमांक लिहिलेला असतो. ‘सीन चोवीस, शॉट तीन, टेक दोन’ असं स्पष्ट म्हणायचं आणि फळी आपटायची. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो, आवाज वेगळ्या यंत्रात जातो. फळी मिटल्याचं चित्र आणि ‘ठक्’ हा आवाज जुळवला की दोन्ही जुळतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे एका चित्राच्या वेळात १४ मीटरच्या आसपास. क्लॅप माइकपासून तेवढा लांब वाजवला तर चित्र आणि आवाज एका फ्रेमनं सरकतात. ओठ आणि शब्द यांचा बारीक बेबनाव इथूनही सुरू होऊ शकतो. शिवाय पाटी फ्रेमच्या आत, फोकसमध्ये धरायची. क्लोजअप असेल तर नटाच्या नाकापुढे फाडकन न आपटता हलकी मिटायची. रडण्याच्या सीनला तयार झालेल्या नटीशी नजर न मिळवता बाजूला व्हायचं. फोकस पुलरची, म्हणजे लेन्सचा फोकस सांभाळणाऱ्याची, कसोटी तर याहून बारीक. ८५ मिलिमीटरची लेन्स बऱ्यापैकी उघडी ठेवून तीन मीटरवरचा चेहरा टिपताना स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार-पाच इंचांचा असतो. नट पाऊलभर पुढे थांबला की डोळे धूसर. सेटवर नटाच्या पायाशी रंगीत टेपची खूण करतात. रानात पालापाचोळ्यावर टेप चिकटत नाही, म्हणून काटकी, दगड किंवा वाळूची लहान पिशवी ठेवतात, आणि ती फ्रेममध्ये येत नाही ना, हे पाहायचं कामही कुणाचंतरी असतं.

ही सगळी कामं मुंबईच्या माणसांनीच करावीत असं काही नाही. आरमोरीच्या शेजारी वडशात शतकाहून जुन्या परंपरेची झाडीपट्टी रंगभूमी उभी आहे. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या गावोगाव रात्रीची नाटकं लागतात, ती होळीपर्यंत. वडशात नाट्यमंडळांची कार्यालयं ओळीनं दिसतात आणि गावकरी तिथे येऊन तारखा ठरवतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. तालमींना वेळ कमी, म्हणून प्रॉम्प्टरचा आधार मोठा; ऑर्गन-तबला प्रत्यक्ष वाजतो; आणि पडदा पडला की नेपथ्य, दिवे, स्पीकर उतरवून ट्रकमध्ये, दुसऱ्या दिवशी दुसरं गाव. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावाची ती दाद सगळ्यांनी ऐकली, पण त्यांच्या पाठीमागे रात्रभर फोकस फिरवणारा, जनरेटरच्या आवाजावरून लोड ओळखणारा, थंडीत दव पडायच्या आत स्पीकरवर ताडपत्री टाकणारा माणूस, हा कोणत्याही चित्रपटाच्या युनिटला हवाहवासा वाटावा असा कारागीर आहे. नवी जागा, अपुरी वीज, परकं मैदान, समोर हजारोंची गर्दी आणि ठरलेली वेळ: लोकेशन शूटिंगची सगळी अवघड अंगं त्याच्या अंगवळणी पडलेली आहेत. त्याला शिकायची आहे ती फक्त शांतता, कारण नाटकात विंगेतून हाक मारता येते, सिंक साउंडवर येत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ पासून ‘स्किफ्ट’ या उपक्रमात देशभर लहान मुदतीचे अभ्यासक्रम घेतले आहेत. ध्वनी आणि प्रकाशाचा असा एखादा वर्ग वडशात भरला, तर पुढच्या युनिटला निम्मे लाइटमन हजार किलोमीटरवरून आणावे लागणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

एक पेच मात्र राहतो. चित्रपटाच्या युनिटला या भागात यायला सगळ्यांत सोयीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पाऊस नाही, ऊन सोसवतं, सूर्य दिवसभर तिरपा असतो, नदीही अंगावर येत नाही. आणि झाडीपट्टीची माणसं नेमकी याच महिन्यांत रोज रात्री एका नव्या गावी बांधलेली असतात. भाऊबीजेनंतर वडशात जाऊन ‘दहा लाइटमन द्या जी’ म्हटलं तर कुणी मोकळा सापडणार नाही. इथल्या हातांवर विसंबून काम करायचं असेल, तर लाइन प्रोड्यूसरने पोळा झाला की वडसा गाठावं, दसऱ्याच्या आत नाट्यमंडळांच्या तारखा बघाव्यात आणि त्यांच्या मोकळ्या रात्री धरून आपलं वेळापत्रक आखावं. रात्रीचं नाटक करून आलेल्या माणसाला सकाळचा कॉल द्यायचा नाही, हेही त्याच वेळी कागदावर लिहून टाकावं.